ऑस्टबीचं हिरवं मत

१

हार्लन ऑस्टबी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मेला आणि सुट्टी संपल्यावर त्यानं मत दिलं. पहिली गोष्ट दुःखाची, पण वयाला धरून होती. दुसरीनं अख्खी राजधानी हादरली.

तो सापडला ओपल हॉलक्विस्टला. ओपल ही विधानसभेची मुख्य मार्शल. त्याआधी बरीच वर्षं तिनं शेरीफच्या हाताखाली काढली होती, त्यामुळे मेलेला माणूस ओळखायला तिला डॉक्टर लागत नव्हता.

घडलं ते असं. घटनादुरुस्तीवर मतदान झालं. दुरुस्ती एका ओळीची होती: सरकारी नोकरांच्या पेन्शन फंडातला पैसा पेन्शनखेरीज दुसऱ्या कशालाही वापरता येणार नाही. हार्लननं ती आठ वर्षं लावून धरली होती. स्वतः गुरं पाळणारा माणूस, त्याला ना पेन्शन ना फंड, पण बजेटला भोक पडलं की प्रत्येक सरकार त्याच फंडात हात घालतं हे त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं. घटनेला हात लावायचा तर सगळ्या आमदारांपैकी दोन-तृतीयांश मतं लागतात. त्या दुपारी सभागृहातल्या दिव्यांच्या फलकावर नेमकी तेवढीच पडली. एक कमी नाही, एक जास्त नाही.

गॅलरीत शिक्षिका, आग विझवणारे, रस्ते खात्यातले म्हातारे ड्रायव्हर दाटीवाटीनं बसले होते. ते ओरडले, रडले, एकमेकांच्या गळ्यात पडले. आणि हार्लनची खुर्ची रिकामी!

"आत आडवा झाला असेल," शेजारच्या बाकावरची डेल्फीन राउश म्हणाली. "जेवणाआधीच म्हणत होता, छातीत जडजड वाटतंय."

सभागृहामागच्या गार बोळात आमदारांना पाठ टेकायला एक खोली आहे. मुठीला 'आराम चालू आहे' अशी पाटी लटकत होती. ओपलनं ती बाजूला सारून दार ढकललं. "हार्लन, उठा की आता! जिंकलात तुम्ही, आणि घोरताय काय?"

तो पलंगावर उताणा होता. उन्हानं रापलेला चेहरा, आणि आयुष्यभर हॅटखाली राहिलेलं पांढरंफटक कपाळ. पायाशी, चादरीवर, त्याची करडी फेल्ट हॅट. ओपलनं गळ्याला बोटं लावली आणि लगेच काढून घेतली.

आमदारांतच एक डॉक्टर होता, तो धावत आला. जबडा चाचपून म्हणाला, "हृदय बंद पडलंय. पण ओपल, हा आत्ता नाही गेला. मतदानाची घंटा व्हायच्या कितीतरी आधी गेलाय."

बाहेर फलक अजून तसाच पेटलेला होता. ऑस्टबी या नावापुढे हिरवा दिवा होता.

२

अध्यक्ष मार्विन डेकरनं दार लावून घेतलं आणि तो दाराला पाठ लावून उभा राहिला.

"कुणीतरी त्याचं बटण दाबलं," ओपल म्हणाली.

"ते कळतंय मला!"

या सभागृहात ही रीत जुनी आहे. शेजारचा कॉफीला गेला, घरून फोन आला म्हणून उठला, तर बाजूचा हात लांब करून त्याचं बटण दाबतो. नियमात सक्त मनाई, व्यवहारात सगळे करतात. पाहुणी शाळकरी मुलं गॅलरीतून बोट दाखवून हसतात. पण मेलेल्याचं मत आजवर कुणी दिलं नव्हतं.

"हे मत बाद झालं तर दुरुस्ती पडली," डेकर म्हणाला. "आणि पडलेली घटनादुरुस्ती पुढची विधानसभा येईपर्यंत मांडता येत नाही. म्हणजे दोन वर्षं. वर लोक म्हणणार, पेन्शनवाल्यांनी मढ्याकडून मत घेतलं. मग दोन वर्षांनी तरी कोण विचारणार आपल्याला?" तो खुर्चीत बसला, आणि त्याचा आवाज बदलला. "ओपल, बोळाच्या दाराशी दुपारभर तूच होतीस ना?"

"तिथंच जेवले. वाडगाभर चिली आणि दालचिनीचा रोल."

"मग आत कोण गेलं, बाहेर कोण आलं, हे तुझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही. तू एवढंच म्हण, की हार्लन घंटेच्या वेळी बाहेर आला, मत देऊन परत आत गेला. डॉक्टर माझा मित्र आहे. तो ताणून धरणार नाही."

ओपलनं छताकडे पाहिलं. तिचा नवरा ऑर्विल त्या क्षणी वर गॅलरीत बसला होता, जुन्या ड्रायव्हरांच्या रांगेत, शेजारी ऑक्सिजनची नळी. तीस हिवाळे त्यानं राज्याच्या रस्त्यांवरचं बर्फ ढकललं. डिझेलच्या धुरानं फुप्फुसं गेली. आणि गेल्या वर्षी फंड रिकामा म्हणून त्याचं पेन्शन 'तूर्तास' कापलं. ते तूर्तास अजून संपलेलं नव्हतं. औषध अर्धं करून घ्यायला लागला होता बिचारा, आणि ओपलला कळू नये म्हणून डब्या कपाटात मागे सरकवून ठेवायचा. तिला कळलं नव्हतं होय! तिनं नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं. एक वाक्य.

"मी त्याला आत जाताना पाहिलं, मार्विन," ती शेवटी म्हणाली. "बाहेर येताना नाही पाहिलं."

"अगं, ऑर्विलचा तरी विचार कर!"

"त्याच्याशिवाय दुसरा विचार कधी येतो माझ्या डोक्यात?" ती एकदम भडकली. मग स्वतःला सावरून म्हणाली, "सभागृह उठवू नका. चहापाण्याची सुट्टी जाहीर करा. बटण कुणी दाबलं ते मी शोधते. आणि ती हॅट मला हवी आहे."

"हॅट? हॅटचं काय आता?"

"तो आत गेला तेव्हा बोडका होता," ओपल म्हणाली. "ते पांढरं कपाळ मला अजून डोळ्यांपुढे दिसतंय. मग हॅट त्याच्या मागून कशी गेली?"

३

बोळाला दार एकच. हार्लनच्या मागून तीन माणसं आत जाऊन आली होती. दुरुस्तीच्या बाजूची मतं गोळा करणारा लॉइड टिबेट्स. शेजारची डेल्फीन. आणि विरोधकांचा नेता कॉर्विन स्ट्रेड, तो दोनदा. बाकी सगळे खाली खाणावळीत होते.

टिबेट्स आधी गुरांच्या मुलखातला शाळामास्तर होता. सभागृहातही लांब लाकडी छडी घेऊन बसायचा आणि पुढच्या बाकावरच्याला टोचून जागं करायचा. बसायला हार्लनच्या बरोबर मागे. सगळे आत्ताच कुजबुजत होते, की छडी त्या बटणापर्यंत आरामात पोचते.

"विचार, विचार, तूही विचार!" ओपलला बघताच तो उसळला. डोळे लाल झाले होते. "मी मेलेल्या मित्राचं बटण दाबलं, असंच ना?"

"आत कशाला गेला होतास?"

"त्याला जेवायला बोलवायला. मुठीला पाटी होती. दार वाजवलं, ओ आली नाही. म्हटलं झोपलाय, झोपू दे." त्यानं छडी बाजूला ठेवली. "दार उघडायला हवं होतं ना गं मी?"

ओपलनं हातातली हॅट टेबलावर टेकवली. टिबेट्सनं नाक पुसलं आणि बोलता बोलताच ती उचलून उलटी करून ठेवली, टोप खाली, काठ वर. आपण काय केलं हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

"मला एक सांग, लॉइड. तुला आधी कळलं असतं की तो गेलाय, तर काय केलं असतंस?"

"काय म्हणजे? मतदान पुढे ढकललं असतं! अधिवेशनाचे दोन आठवडे पडलेत अजून. त्याच्या काउंटीनं आठवड्यात बदली आमदार पाठवला असता. तिथं कुत्रंसुद्धा या दुरुस्तीच्या बाजूचं आहे. हे असलं नासकं मत घेऊन मला काय करायचंय?"

ओपल दारापर्यंत गेली आणि तिथंच थबकली. त्याचं शेवटचं बोलणं तिनं मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिलं.

डेल्फीन राउश आपल्या जागेवर, रिकाम्या सभागृहात एकटीच बसली होती. वय तिशीचं, गुरांच्या धंद्यातलंच घराणं, पहिल्यांदाच निवडून आलेली आणि दुरुस्तीच्या ठाम विरोधात. तिच्या काउंटीतल्या शाळांना छप्पर नाही. पैसा एकदा घटनेत कुलूपबंद झाला की आमच्या वाटेला काय येणार, असं तिचं म्हणणं. विरोधकांची बाकं जिथं सुरू होतात तिथलं पहिलंच बाक तिचं, हार्लनला लागून. त्याच्याशी ती रोज भांडायची, आणि रोज त्याच्यासाठी कॉफी आणायची.

ओपलनं तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "मी दाबलं."

"काय?"

"त्याचं बटण. मी दाबलं. माझं लाल आणि त्याचं हिरवं, दोन्ही मीच." तिनं दोन्ही बटणांकडे बोट दाखवलं. "घंटा झाली, तो आला नाही. मी आत जाऊन पाहिलं तर मुठीला पाटी. छातीत जड वाटतंय म्हणाला होता, उठवायला जीव झाला नाही. त्याची स्वतःची दुरुस्ती, ओपल! आठ वर्षं मर मर मेला तिच्यासाठी, आणि डुलकी लागली म्हणून पडणार? मला नाही राहवलं. मला काय माहीत..."

"तुझ्या विरोधातलं मत तूच दिलंस?"

"माझं मत मी दिलं होतं की. ते त्याचं होतं."

ओपल तिच्या शेजारी, हार्लनच्याच खुर्चीत बसली. रडणाऱ्या माणसाला प्रश्न विचारणं तिला कधीच जमलं नव्हतं, पण एक विचारणं भाग होतं. "तू आजवर कधी त्याचं बटण दाबलं होतंस?"

"छे! तो कुठं दाबू द्यायचा? जरा उठला तरी हॅट बटणांवर झाकून जायचा. वर सगळ्यांना ऐकवायचा, माझं मत माझ्या बोटानं पडेल, नाहीतर पडणार नाही." डेल्फीननं डोळे पुसले. "आज हॅट नव्हती. म्हणूनच तर मी... मला वाटलं, आजच्या दिवसापुरतं मला परवानगी देऊन गेलाय."

"हॅट खोलीत सापडली. पलंगावर, पायाशी."

डेल्फीन ताडकन वळली. "पलंगावर? हार्लनची हॅट?" तिच्या चेहऱ्यावर भीती उमटली. "कसं शक्य आहे? पलंगावर हॅट ठेवली म्हणजे घरात मयत. मी लहानपणी एकदा ठेवली होती तर आजीनं मुस्काटात लावली होती. गुरांमागे फिरणारा एक माणूस दाखवा मला असं करणारा!"

"तेच तर," ओपल म्हणाली आणि उठली.

४

कॉर्विन स्ट्रेड शहरात वाढलेला, शहरातच वकिली केलेला. त्याच्या दालनात कातडी सोफा होता, जाड गालिचा होता, आणि खिडकीबाहेर नुसता वारा. त्यानं ओपलचा कोट स्वतः उतरवून घेतला. माणूस भारी आदबशीर.

"बसा, ओपलबाई. फार वाईट झालं. आमचे मतभेद होते, पण असा विरोधक मिळायला नशीब लागतं." त्यानं हळहळल्यासारखी मान हलवली. "टिबेट्सची ती छडी काय? म्हाताऱ्यानं घात केला हो स्वतःच्याच कामाचा."

"अजून ठरलेलं नाही काही. तुम्ही दोनदा आत गेलात."

"फोन करायला. बोळात शांतता असते. पहिल्यांदा गेलो तर काकडलो थंडीनं. म्हणून ओव्हरकोट घेऊन परत गेलो."

"तो अंगात घातला नव्हतात. हातावर घडी होती."

"फोन लगेच आटोपला." तो हसला. "काय हे, ओपलबाई! शेरीफगिरी अजून अंगातून गेली नाही म्हणायची."

"खोलीत डोकावलात?"

"पाटी होती ना मुठीला. कुणाची झोप मोडायची मला सवय नाही."

ओपलनं हॅट त्याच्यापुढे धरली. "एवढी जरा घेता? मला लिहून घ्यायचंय."

त्यानं ती घेतली. इकडेतिकडे पाहिलं, आणि शेजारी सोफ्यावर ठेवून दिली, काठ खाली दाबून. दिवसभर बाळगलेली वस्तू घरी येऊन टाकावी तशी. ओपलनं वहीत एक अक्षरही लिहिलं नाही. कारण आता तिला सगळं दिसत होतं, आणि जे दिसत होतं त्यानं ऑर्विलचा काही एक फायदा होणार नव्हता.

"तुम्ही कधी गुरं राखलीत का हो, साहेब?"

"मी? देवाची कृपा, नाही."

"वाटलंच," ओपल म्हणाली. "चला, अध्यक्षांकडे जाऊ. मला तुम्हा दोघांनाही एकदमच सांगायचंय."

५

डेकर टेबलामागे, स्ट्रेड खिडकीपाशी, ओपल मध्ये उभी.

"बटण डेल्फीननं दाबलं," ती म्हणाली. डेकर दचकला. "भाबडेपणानं. हॅट जागेवर नव्हती म्हणून. तेव्हा प्रश्न बटणाचा नाहीच. प्रश्न असा, की बटणांवरची हॅट कुणी उचलली?"

"हार्लन स्वतः घेऊन गेला असेल," स्ट्रेड म्हणाला.

"तो बोडका गेला, मी पाहिलं. आणि नेली असती तरी खुंटीवर टांगली असती, नाहीतर खुर्चीवर उलटी ठेवली असती. सुलटी ठेवली तर काठ मोडतो. पलंगावर तर मरताना सुद्धा ठेवली नसती त्यानं. टिबेट्स बोलता बोलता हॅट उलटी करतो. डेल्फीन पलंगाचं नाव काढताच घाबरते. दोघांच्याही हाडात मुरलंय ते. ज्यानं ती पलंगावर ठेवली, त्याला हे ठाऊकच नव्हतं. त्याला वाटलं, झोपलेल्या माणसापाशी त्याची हॅट असावी, म्हणजे चित्र बरोबर दिसेल. तिघांत असा माणूस एकच आहे, आणि तो हातावर ओव्हरकोटाची घडी घेऊन माझ्यापुढून गेला."

डेकर गोंधळला. "पण कॉर्विन विरोधात आहे! त्याला हिरवं मत कशाला हवं होतं?"

"मीही तिथंच अडले होते. सोडवलं टिबेट्सनं, त्याच्या नकळत. तो म्हणाला, आधी कळलं असतं तर मतदान पुढे ढकललं असतं. म्हणजे मृत्यू वेळेवर कळला तर आठवड्यात नवा आमदार येतो आणि दुरुस्ती पास. नुसता लपवला तरी धोका. खुर्ची रिकामी, बटणांवर हॅट, मग टिबेट्स म्हणाला असता, थांबा, आधी हार्लनला उठवून आणा. दार उघडलं की संपलं. हार्लनचा दिवा पेटला तरच कुणी त्याला शोधायला जात नाही. मतदान पार पडतं. मग प्रेत सापडतं, मत बाद, दुरुस्ती पडली, दोन वर्षं गेली, आणि वर पेन्शनवाले चोर ठरले. साहेब पहिल्यांदा आत गेले ते हार्लनशी बोलायला. तो मेलेला दिसला. बाहेर येऊन हाक मारायची, तर यांनी मुठीला पाटी अडकवली, रिकाम्या सभागृहातून हॅट उचलली आणि कोटाखालून आत नेली. बाकीचं काम आमच्या लाडक्या रीतीनं केलं."

बाहेर झेंड्याची दोरी खांबावर आपटत होती.

मग स्ट्रेड म्हणाला, "समजा." वकीलच तो! "समजा, एखाद्यानं एक हॅट इथून तिथं ठेवली. कुठल्या कायद्यात गुन्हा आहे? बटण मी दाबलं नाही. कुणाला दाबायला सांगितलं नाही. माणूस आधीच मेलेला होता."

"तो थंड पडत होता, कॉर्विन!" डेकर ओरडला. "आणि तू त्याच्या पायाशी हॅट मांडत होतास?"

स्ट्रेडचा चेहरा पहिल्यांदाच जरा उतरला, पण आवाज तसाच राहिला. "मला लाज वाटायला लावा हवं तर. दुरुस्ती त्यानं उठत नाही. मत बाद आहे, हे आता तुमची मार्शलच सांगतेय. म्हणजे लाल बाजू जिंकली. आणि फेरविचाराची मागणी फक्त जिंकलेल्या बाजूचा आमदार करू शकतो, तीही आज सभागृह उठायच्या आत. नियम तुमच्याच टेबलावर आहे, मार्विन." त्यानं कोट हातावर घेतला. "जिंकलेली बाजू म्हणजे माझी बाकं. शोधा त्यातला एखादा."

६

सभागृह पुन्हा भरलं. अध्यक्षांनी मृत्यूची बातमी सांगितली, सगळे उभे राहिले, मग बसले. मग डेकर म्हणाला, "मुख्य मार्शल निवेदन करतील."

ओपल कठड्यापाशी गेली. वर बघायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. ऑर्विल कुठल्या रांगेत आहे ते तिला माहीत होतं. तिनं सगळं सांगितलं, हॅटपासून ओव्हरकोटापर्यंत. डेल्फीनचं नावही सांगितलं. शेवटी म्हणाली, "मतदानाच्या वेळी आमदार ऑस्टबी हयात नव्हते. हे मी शपथेवर सांगते."

फलकावरचा हिरवा दिवा विझला. वर कुणीतरी बाई हुंदका देऊन रडली. रस्ते खात्याच्या रांगेतून एक घोगरा आवाज आला, "आता रे काय?" ओपलला वाटलं, ही मी कोण लागून गेले मोठी खरं बोलणारी? कुणाच्या जिवावर बोलतेय मी खरं?

"आवश्यक मतं न मिळाल्यानं दुरुस्ती नामंजूर," डेकर म्हणाला. हातोडा त्याच्या हातात होता, पण त्यानं तो टेकवला नाही. "सभागृह उठण्यापूर्वी कुणाला काही मांडायचं आहे?"

विरोधी बाकांवर सगळे समोर बघत होते. स्ट्रेड कागद आवरत होता. शरमेनं काही माना खाली होत्या, पण मान खाली घालणं वेगळं आणि उभं राहणं वेगळं.

"अध्यक्ष महोदय."

डेल्फीन राउश उभी होती. रडून रडून तिचं नाक सुजलं होतं.

"मी दुरुस्तीच्या विरोधात मत दिलं. म्हणजे मी जिंकलेल्या बाजूची. मी फेरविचाराची मागणी करते. ऑस्टबींच्या जागी त्यांच्या काउंटीचा माणूस येईपर्यंत मतदान तहकूब ठेवावं."

"खाली बस!" मागून कुणीतरी दात-ओठ खात म्हणालं. "पुढच्या निवडणुकीत तिकीट विसर!"

"विसरले," डेल्फीन वळूनसुद्धा न बघता म्हणाली. "मी आज एका मेलेल्या माणसाचं मत दिलं. त्याच्या गावच्या लोकांचं मत माझ्यापाशी राहिलंय. ते परत केल्याशिवाय मी घरी जाणार नाही."

फेरविचाराला साधं बहुमत पुरतं. या वेळी अध्यक्षांनी बटणं बंद ठेवली आणि एकेक नाव पुकारून मत घेतलं. ऑस्टबीचं नाव आलं तेव्हा कारकून थांबला, आणि बाकीच्यांबरोबर स्ट्रेडच्या बाकांवरचेही दोघे मान देण्यासाठी उठून उभे राहिले. मागणी मंजूर झाली. दुरुस्ती जिंकली नव्हती, नुसती जिवंत राहिली होती.

सभागृह रिकामं झाल्यावर ओपल जिन्याशी गेली. ऑर्विल एकेक पायरी उतरत येत होता, नळी एका हातात, कठडा दुसऱ्या हातात. ती काही बोलणार तोच मागून डेल्फीन आली. कोट घातलेला, चेहरा धुतलेला.

"तुमच्या यजमानांचं पेन्शन यातच आहे ना?" तिनं ओपलला विचारलं. "मग खोटं का नाही बोललात? तुमच्यावर तर कुणी शंकासुद्धा घेतली नसती."

"बोलणारच होते गं," ओपल म्हणाली. "अगदी तोंडापर्यंत आलं होतं."

डेल्फीन ऑर्विलकडे वळली. "मग तुम्हालाही आत्ताच सांगते, नंतर गैरसमज नको. पुढच्या आठवड्यात मतदान होईल तेव्हा मी विरोधातच मत देणार आहे. माझ्या गावातल्या पोरांच्या डोक्यावर छप्पर नाही. मी बदललेली नाही."

ऑर्विल शेवटच्या पायरीवर थांबला. दम लागला होता, बोलायला वेळ लागला. त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं, आणि ओपलला वाटलं, हा आता काहीतरी लागेलसं बोलणार.

"तोंडावर सांगितलंस पोरी," तो म्हणाला. "आमच्या पैशाला आजवर इतक्यांनी हात लावला, पण एकानंही असं येऊन सांगितलं नव्हतं."

त्यानं कठड्यावरचा हात सोडून तिच्यापुढे केला. डेल्फीननं तो दोन्ही हातांत धरला, आणि तो उतरेपर्यंत धरून ठेवला.